गाडी एकाची, हात अनेकांचे



एरवी या सदरात आपण कपाशीची बोंडअळी, मोसंबीची फळगळ, सोयाबीनचे बियाणे अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही शेतीच्याच पोटातला आहे. आपल्या दारात उभी असलेली मोटारसायकल, ट्रॅक्टर किंवा जीप घरातला दुसराच कोणी घेऊन गेला आणि वाटेत अपघात झाला, तर विमा कोणाला तारतो आणि कोणाला नाही, हा तो प्रश्न. शांत डोक्याने वाचा. वाचून झाले की घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. कारण गाडी चालवणारा बहुधा हे सदर वाचणारा नसतो.

आपल्या जालना जिल्ह्यातले कोणतेही एक खटल्याचे घर घ्या. भोकरदनकडचे घ्या, नाही तर घनसावंगीकडचे. ट्रॅक्टर आबांच्या नावावर असतो. जमीन त्यांच्या नावावर, म्हणून बँकेचे कर्ज त्यांच्या नावावर, म्हणून ट्रॅक्टरचे नोंदणीपुस्तकही त्यांच्याच नावावर. आबांनी मात्र उभ्या जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नसतो. ट्रॅक्टर चालवतो थोरला. तो बाजारला गेला की धाकटा चालवतो. पेरणीच्या घाईत पुतण्या बसतो, उसाच्या दिवसांत सालगडी बसतो. मोटारसायकल थोरल्याच्या नावावर, पण तिच्यावर सारे घर फिरते. सून लेकरांना शाळेत सोडायला स्कूटी नेते. पाहुणा आला तर तोही किल्ली मागतो, आणि किल्ली नाही म्हणणे आपल्याकडे वाईट दिसते.

म्हणजे गाडी एकाची आणि हात अनेकांचे. विम्याच्या कागदावर मात्र नाव एकाचेच. मग बाकीच्या हातांचे काय?

विमा कोणाचा असतो?

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याच्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा निदान तृतीय पक्ष विमा असलाच पाहिजे. पहिला पक्ष म्हणजे गाडीचा मालक, दुसरा पक्ष विमा कंपनी, आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचा तो माणूस, ज्याला आपल्या गाडीची धडक बसली. हा विमा त्या तिसऱ्या माणसासाठी आहे. तो आपल्या गाडीच्या मोडतोडीसाठी नाही आणि आपल्या हाडांसाठीही नाही.

दुसरा प्रकार सर्वसमावेशक विम्याचा. त्यात तृतीय पक्षाच्या जोडीला आपल्या गाडीचे नुकसान आणि चोरीही येते. हप्ता जास्त, पण छत्रही मोठे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. तुमच्या गावचा कोणी मुलगा अमेरिकेत नोकरीला असेल तर त्याला विचारा. तिकडे विमा घेताना घरात गाडी चालवणारे कोण कोण आहेत, त्यांची वये काय, पूर्वी कोणाच्या हातून अपघात झाला आहे का, हे सारे कंपनी विचारते आणि त्यावर हप्ता ठरवते. एखाद्याचे नाव मुद्दाम वगळले आणि त्यानेच गाडी चालवली, तर संरक्षण मिळत नाही. आपल्याकडे तशी पद्धत नाही. आपल्याकडचा मोटार विमा माणसाच्या नव्हे, गाडीच्या मागे चालतो. पॉलिसीच्या कागदावर चालकाविषयी एक कलम असते. त्याचा अर्थ असा, की मालक धरून कोणीही ही गाडी चालवू शकतो. मात्र अपघाताच्या वेळी त्याच्याकडे चालू परवाना हवा आणि परवाना बाळगण्यास तो अपात्र ठरलेला नसावा.

म्हणजे भाऊ, सून, पुतण्या, जावई, सालगडी, कोणाचेही नाव पॉलिसीत घालण्याची गरज नाही. परवाना असला की पुरे. ही आपल्या कायद्याची मोठी सोय आहे. पण याच सोयीमुळे आपण गाफील राहतो. कारण सारी मदार त्या एका शब्दावर आहे, परवाना.

परवाना म्हणजे कोणता परवाना?

परवाना आहे, एवढे पुरत नाही. जी गाडी हातात आहे तिचा परवाना हवा. धाकट्याकडे फक्त मोटारसायकलचा परवाना असेल, तर ट्रॅक्टरवर बसताच तो विनापरवाना झाला. बिनगिअरच्या स्कूटीचा परवाना असणाऱ्याला गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही.

हलक्या मोटार वाहनाचा परवाना असला तर ट्रॅक्टर चालतो का, हे पुष्कळ जण विचारतात. कायद्याच्या व्याख्येत ७,५०० किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर हलक्या वाहनातच धरला आहे, आणि शेतीचा ट्रॅक्टर त्याच्या किती तरी खाली असतो. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचा परवाना निकामी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितले. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवता येते, हे २०१७ च्या निकालाने ठरले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने ते कायम केले. तेव्हा छोटा टेम्पो बाळगणाऱ्यांनाही हा दिलासा आहे.

परवान्याची तारीख पाहा. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती गेली. आता मुदत संपली की परवाना संपला, असेच समजावे.

शिकाऊ परवान्यावरही गाडी चालवता येते आणि विमाही लागू राहतो. पण गाडीला पुढे-मागे लाल रंगातले ‘एल’ अक्षर हवे आणि सोबत पक्का परवाना असलेला शिकवणारा हवा. शिकाऊ पोराने मित्राला मागे बसवून जत्रेला जायचे, हे त्यात बसत नाही. आणि वावरात नांगरट शिकला म्हणजे डांबरी रस्त्यावर यायला मोकळा झाला, असेही नाही.

परवाना नसेल तर काय होते?

इथे आपल्या लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. काहींना वाटते, विमा आहे ना, मग कंपनी भरेल. काहींना वाटते, परवाना नव्हता, मग कंपनी एक पैही देणार नाही आणि जखमी माणूस वाऱ्यावर. दोन्ही समज अर्धवट आहेत.

५ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्णसिंग या प्रकरणात निकाल दिला. वकील मंडळी आजही त्याचा आधार घेतात. त्याचा सार असा: चालकाकडे परवाना नव्हता, एवढे दाखवून कंपनीची सुटका होत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने तसा माणूस गाडीवर बसू दिला, हे कंपनीने सिद्ध करावे लागते. आणि ते सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण कंपनीला सांगू शकते, की आधी जखमीला किंवा मृताच्या वारसांना पैसे द्या आणि मग ते मालकाकडून वसूल करा.

हे ‘मग वसूल करा’ नीट ऐका. समजा न्यायाधिकरणाने १० लाख रुपये भरपाई ठरवली. कंपनीने ती भरली. नंतर ठरवलेल्या मुदतीत मालकाने ती कंपनीला दिली नाही, तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवू शकते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेतसारा थकला की तहसीलची नोटीस कशी येते, ते तुम्हाला सांगायला नको. इथे मात्र थकबाकी काही शेकड्यांची नसते, लाखांची असते. वसुली निघते ती ज्याच्या नावावर गाडी त्याच्यावर, म्हणजे आपल्या आबांवर. आबांच्या नावावर काय असते? सातबारा असतो. चालवले पुतण्याने आणि गहाण पडायची वेळ आली साऱ्या घराच्या जमिनीवर, असा हा हिशेब आहे.

याशिवाय विनापरवाना माणसाने गाडी आपटली, तर सर्वसमावेशक पॉलिसीतूनही आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च कंपनी नाकारते. आणि पोलिसांचा दंड वेगळाच. विनापरवाना चालवणाऱ्याला कलम १८१ प्रमाणे, आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८० प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीपासून दंड ५,००० रुपये आणि कैदही होऊ शकते.

सालगड्याच्या किंवा पगारी ड्रायव्हरच्या बाबतीत मालकाने काय करावे, हेही न्यायालयाने २००३ साली सांगितले आहे. त्याचा परवाना पाहावा, तो गाडी नीट चालवतो का हे पाहावे. परिवहन कार्यालयात जाऊन परवान्याचा खरेखोटेपणा तपासण्याची अपेक्षा मालकाकडून नाही. पण मी म्हणेन, परवान्याची एक प्रत घेऊन पॉलिसीसोबत ठेवाच. ‘त्याने परवाना आहे असे सांगितले होते’ हे न्यायाधिकरणापुढे चालत नाही. प्रत चालते.

पोरांच्या हाती किल्ली

सोळा-सतरा वर्षांचे पोर ट्रॅक्टर चालवते, याचे आपल्याकडे कौतुक होते. ‘आमचा गडी आतापासून कामाला लागला’ असे बाप अभिमानाने सांगतो. कौतुक घरात ठेवा, किल्ली देऊ नका. गाडी चालवायला १८ वर्षे पुरी हवीत. १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळतो, आणि आज गावात दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटी बहुतेक १०० सीसीच्या वरच्या आहेत. तेव्हा अकरावी-बारावीची मुलगी ११० सीसीची स्कूटी घेऊन जालन्याला किंवा अंबडला कॉलेजला जाते, तेव्हा ती कायद्याच्या दृष्टीने विनापरवानाच असते.

२०१९ साली कायद्यात कलम १९९ अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पुरी होईपर्यंत परवाना मिळत नाही. ज्या पोराच्या जिवावर पुढची शेती चालायची, त्याला पंचविशीपर्यंत ट्रॅक्टरला हात लावता येणार नाही, हे ध्यानात घ्या.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या मोटारीने दोन तरुण जीव घेतले, तेव्हा त्या मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. ते श्रीमंत घर होते म्हणून साऱ्या देशात गाजले. पण कायदा श्रीमंताला आणि आपल्याला एकच आहे.

चालवणाराच गेला तर?

आता या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग. आतापर्यंत आपण समोरच्या माणसाचे बोललो. पण आपली मोटारसायकल घेऊन गेलेला आपलाच भाऊ घसरून पडला, झाडावर आदळला, उभ्या बैलगाडीवर गेला, तर त्याचे काय?

दुसऱ्या वाहनाची चूक असेल, तर त्या वाहनाच्या विम्यातून भरपाई मागता येते. चूक त्याचीच असेल, किंवा दुसरे वाहन नसेलच, तर मात्र पंचाईत आहे.

कर्नाटकातल्या इलकलजवळची एक घटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. इरकली लुगड्याचे ते गाव आपल्या बायाबापड्यांना ठाऊक आहे. एक माणूस ओळखीच्याची मोटारसायकल घेऊन आपल्या गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे घेऊन चाललेली बैलगाडी एकाएकी थांबली, तो तिच्यावर आदळला आणि गेला. त्याच्या बायकोने मोटारसायकलच्या विम्यातून भरपाई मागितली. २००९ साली न्यायालयाने म्हटले, की मालकाकडून गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, आणि मालक काही स्वतःकडून भरपाई मागू शकत नाही. त्यामुळे चूक सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या कलमाखाली त्याच्या वारसांना मागणी करता येणार नाही. २०२० साली दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने तोच मार्ग धरला.

पाहा, घरातला प्रत्येक जण, ज्याच्या नावावर गाडी नाही, तो या मागून घेणाऱ्याच्याच जागी असतो. थोरल्याची गाडी घेऊन गेलेला धाकटा, नवऱ्याची स्कूटी नेणारी सून, दोघेही.

गाडीच्या मालकासाठी मात्र एक सोय आहे. २०१८ सालापासून मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाख रुपयांचा झाला आहे. पूर्वी तो दुचाकीला १ लाख आणि बाकी गाड्यांना २ लाख होता. पण त्याला तीन अटी आहेत: नोंदणीपुस्तकात नाव त्याचेच हवे, पॉलिसीत नाव त्याचेच हवे आणि चालू परवानाही त्याचाच हवा. आता आपल्या आबांचे घर पुन्हा आठवा. आबांकडे परवानाच नाही, म्हणून त्यांना हा विमा लागू होत नाही. थोरल्याकडे परवाना आहे, पण नोंदणीत नाव नाही, म्हणून त्यालाही होत नाही. जो रात्रंदिवस ट्रॅक्टरवर बसतो, त्याच्या डोक्यावर काहीच छत्र नाही. हे असेच चालत राहते, कारण अपघात होईपर्यंत कोणी पाहत नाही.

मागे बसणारे आणि ट्रॉलीतले

दुचाकीवर मागे बसलेल्याचेही असेच आहे. फक्त तृतीय पक्ष विमा असेल, तर मागे फुकट बसलेला माणूस त्यात येत नाही, असे २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. सर्वसमावेशक पॉलिसीत तो येतो. नवऱ्याच्या मागे बसून माहेरी निघालेल्या बाईने हे लक्षात ठेवावे आणि नवऱ्याला विचारावे, आपला विमा कोणता?

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीविषयी तर हात जोडून सांगतो. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजूर बायांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला आणि सात बाया गेल्या. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. शेतीच्या ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीच्या कामापुरती असते. वीटभट्टीच्या मातीच्या कामावरचा एक मजूर ट्रॉलीतून पडून जखमी झाला, त्या प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ट्रॅक्टर शेतीच्या कामावर नव्हता, म्हणून कंपनीवर जबाबदारी नाही. मजूर गरीब होता म्हणून न्यायालयाने आपला खास अधिकार वापरला आणि कंपनीने आधी पैसे देऊन मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. म्हणजे शेवटी ते मालकाच्याच अंगावर आले. वरातीला, जत्रेला, मुरूम वाहायला ट्रॅक्टर देताना हे आठवा. ट्रॉलीची नोंदणी आणि विमाही पाहून घ्या. नुसता ट्रॅक्टरचा विमा ट्रॉलीला पुरतो असे धरून चालू नका.

गाडी दिली, पण नाव राहिले

जुनी मोटारसायकल भाच्याला दिली, कागद मात्र आपल्याच नावावर राहिले, असे किती तरी घरांत आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले, की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच मालक आणि तोच जबाबदार. गाडी तीन हातांतून गेली असली तरीही. तेव्हा गाडी दिलीत की परिवहन कार्यालयात नाव बदलून घ्या. घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडेही नावबदलाचा अर्ज करावा.

घरातला मालक वारला तरी विमा त्याच दिवशी संपत नाही. पॉलिसीच्या अटीप्रमाणे तो तीन महिने, किंवा मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत, चालू राहतो. त्या अवधीत वारसाने नोंदणी आणि पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. परिवहन कार्यालयाला ३० दिवसांत कळवायचे असते. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, हे खरे. पण सातबाऱ्याच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे जातोच, त्याच फेरीत हेही उरकावे.

या आठवड्यात काय करावे?

१. घरातल्या प्रत्येक गाडीचे नोंदणीपुस्तक, पॉलिसी आणि घरातल्या प्रत्येकाचा परवाना एकत्र मांडा. मोबाईलवर ‘एमपरिवहन’मध्येही विम्याची तारीख दिसते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदमच घ्यावा लागतो. पाच वर्षे झाली की तो संपतो आणि आपल्याला आठवत नाही. त्या गाड्या आधी तपासा. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा तृतीय पक्ष हप्ता कर सोडून ७१४ रुपये होता. खताच्या एका गोणीच्या जवळपासचा हा खर्च आहे.

२. ज्याच्याकडे परवाना नाही, पण जो गाडी चालवतो, त्याला परवाना काढायला लावा. काढेपर्यंत किल्ली देऊ नका. सुनेचा परवाना ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवू नका. लेकरे तीच नेते-आणते.

३. नवीन ट्रॅक्टर किंवा गाडी घेताना, जो रोज चालवणार आहे आणि ज्याच्याकडे परवाना आहे, त्याच्या नावावर घेता येते का, हे बँकेला विचारा. जमेल तिथे तसे करा आणि १५ लाखांचा मालक-चालक विमा घ्या. नाव आबांचेच ठेवायचे असेल, तर चालवणाऱ्याचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्यासाठीची जादा कलमे पॉलिसीत आहेत का, हे विमा प्रतिनिधीला विचारा. २०२१ पासून गाडीच्या नोंदणीतच वारसाचे नाव देता येते, तेही द्या.

४. घरातल्या १८ ते ७० वर्षांच्या प्रत्येकाने बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत नाव घालावे. वर्षाला २० रुपये खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. गाडी कोणाची, हा प्रश्न तिथे येत नाही.

५. आमच्या खात्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना विसरू नका. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला आणखी एक जण, वय १० ते ७५, यांना अपघाती मृत्यूसाठी २ लाख, दोन अवयव गेल्यास २ लाख आणि एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात. रस्त्यावरचा अपघातही त्यात येतो. मात्र नशेत असताना झालेला अपघात येत नाही. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. गावच्या कृषी सहायकाला कळवले तरी तो वाट दाखवील.

६. अपघात झालाच, तर आधी माणसाला दवाखान्यात न्या. मग पोलिसांत खबर, पंचनामा आणि विमा कंपनीला कळवणे. चालवत होता एक आणि नाव दिले परवानेवाल्याचे, असा सल्ला देणारे गावात भेटतात. तसे करू नका. दवाखान्याच्या कागदात आणि पंचांच्या जबाबात खरे बाहेर येते, आणि मग हाती होते तेही जाते.

किल्ली खिळ्याला टांगलेली असते, ज्याला गरज पडेल तो घेऊन जातो, ही आपल्या घरांची रीत आहे आणि ती चांगली आहे. एकत्र घर असेच चालते. फक्त त्या खिळ्याशेजारी एक कागद चिकटवा. कोणती गाडी कोणी चालवायची, ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांचीच नावे, आणि विम्याची मुदत संपण्याची तारीख. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याने किल्ली घ्यायची नाही. मग तो जावई असो की घरातले लाडके लेकरू. पाहुण्याला वाईट वाटले तर चहा दोनदा पाजा, आणि परवाना असलेल्या कोणाला तरी त्याला सोडायला पाठवा.